आधी जागा, मग होडी

उत्तर इंग्लंडात राहणाऱ्या आणि शिडाच्या होडीचं वेड डोक्यात शिरलेल्या मराठी मंडळींना माझी एक विनंती आहे. होडी बघायला जाऊ नका, निदान इतक्यात तरी. ती बांधायची कुठे ते आधी ठरवा, तिथे जागा आहे का ते फोन करून विचारा, ओहोटीला जाऊन ती जागा डोळ्यांनी बघा आणि मगच होड्यांच्या जाहिराती उघडा.

बहुतेकांचं होतं ते नेमकं उलट. एखाद्या उन्हाळ्यात विंडरमिअरवर कोणाच्या तरी शिडाच्या होडीत तासभर बसायला मिळतं आणि परतीच्या वाटेवर गाडीतच मोबाइलवर होड्यांचे फोटो सरकू लागतात. वीस-पंचवीस फुटांची, तीस-चाळीस वर्षं वापरलेली फायबरग्लासची होडी इथे जुन्या मोटारीच्या किमतीत मिळते. कधी कधी तर 'घेऊन जा, पैसे नकोत' असंही लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. होडीवर प्रेम असूनही तिच्या जागेच्या भाड्याला, क्रेनच्या बिलाला आणि विम्याला मालक कंटाळलेला असतो, आणि ते सगळं तो तुमच्या गळ्यात घालत असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. फरक इतकाच की हा मसाला दर वर्षी नव्यानं आणावा लागतो.

भाड्याकडे नंतर वळू. आधी स्वतःच्या वेळेचा हिशोब मांडा, आणि प्रामाणिकपणे मांडा. महिन्यातले किती शनिवार-रविवार खरोखर तुमचे असतात? मुलीचा शनिवारचा क्लास, मंडळाचा कार्यक्रम, कोणाचा तरी पन्नासावा वाढदिवस आणि उरलेल्या दिवसांतला पाऊस वजा करा. जे उरेल त्यात घरापासून होडीपर्यंत दीड तासापेक्षा जास्त गाडी हाकावी लागणार असेल, तर दुसऱ्या वर्षी तुमचं जाणं कमी होईल. पहिल्या वर्षी सगळेच जातात. मँचेस्टरकराला लिव्हरपूल तासाभराचं, फ्लीटवुडही साधारण तेवढंच. लीड्सकराला एम-६२ धरली की हल तासा-सव्वा तासात. लीड्सहून व्हिटबी नकाशावर जवळ दिसतं, पण ऑगस्टमधल्या शनिवारी मूर्सवरच्या रस्त्याला निम्मं यॉर्कशर लागलेलं असतं. व्हाइटहेवनचा मरीना मला आवडतो, पण मँचेस्टरहून तिथे एका दिवसात जाऊन-येऊन शीड उभारायची गोष्ट कोणी करू नये.

खरी गोम पुढेच आहे. गाडीनं पोचलात म्हणून होडी निघेलच असं नाही, कारण पाणी तुमच्या सोयीनं येत नाही. पावसाळ्यात पाच मीटरची भरती म्हटली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत मथळे येतात. लिव्हरपूलला मोठ्या उधाणात ओहोटी आणि भरती यांतला फरक नऊ मीटरच्या वर जातो, म्हणजे सहा-सव्वा सहा तासांत तीन मजली घर बुडेल इतकं पाणी चढतं. खोटं वाटत असेल तर क्रॉसबीच्या किनाऱ्यावर जा. अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचे शंभर लोखंडी पुतळे तिथे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. ओहोटीला त्यांच्या पायांशी कोरडी वाळू असते. मग एकेकाचे गुडघे जातात, कंबर जाते, आणि पुढच्या रांगेतले काही दिसेनासे होतात. थर्मास घेऊन तिथे एक दुपार बसलात तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकाल. एवढं पाणी मर्सी नदीच्या अरुंद मुखातून आत-बाहेर करतं तेव्हा उधाणात प्रवाहाचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैलांवर जातो. तुमची छोटी होडी चांगल्या वाऱ्यात पळते चार-पाचनं. प्रवाहाशी भांडून तिथे कोणी घरी पोचत नाही.

म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावरचे बरेचसे मरीना जुन्या गोद्यांत, लॉकच्या दाराआड किंवा पाण्याखालच्या उंबरठ्याआड आहेत. आत पाणी अडवून धरलेलं, बाहेर चिखल. लिव्हरपूल मरीनाचं दार भरतीच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन-अडीच तास चालतं. व्हाइटहेवनचं त्याहून बरंच जास्त, तीन-चार तास. ल्यून नदीच्या मुखावरच्या ग्लॅसन डॉकचं बाहेरचं दार मात्र भरतीच्या पाऊण तास आधी उघडतं आणि भरतीला बंद होतं. एवढंच. १७८७ सालची ती गोदी फार देखणी आहे, लँकेस्टर कालव्याची शाखाही तिला येऊन मिळते, वादळात तिच्याइतकी निवांत जागा सापडायची नाही. पण शनिवारी सकाळी अकराला पोचून बारा वाजता समुद्रात, असा तुमचा बेत असेल तर ग्लॅसनच्या वाटेला जाऊ नका. सगळा उन्हाळा आत बसून चहा पिण्यात जाईल.

आता स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, आणि अष्टमीनंतर तसंच भांग (कमी चढ-उताराची भरती), हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. इथली खास गोष्ट अशी की लिव्हरपूलला उधाणाची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, तर भांगाची सकाळी आणि संध्याकाळी. उन्हाळ्याच्या घड्याळानुसार उधाणाचे बारा-एक आणि भांगाचे सहा-सात वाजतात असं धरून चाला. (भरतीची कोष्टकं बहुधा ग्रीनिच वेळेत छापलेली असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायला विसरू नका.) याचा अर्थ काय, तर पौर्णिमेच्या शनिवारी दार साडेदहाच्या सुमारास उघडेल आणि तीनला मिटेल. चार-साडेचार तासांची फेरी, तीही सगळ्यात जोरदार प्रवाहात. अष्टमीच्या शनिवारी सकाळी सातच्या भरतीला बाहेर पडायचं, दिवसभर मंद पाण्यात फिरायचं आणि संध्याकाळच्या भरतीला आत यायचं. सुखाचा दिवस असतो तो. घरच्यांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर असलाच शनिवार निवडा. आणि ज्याला पहाटे उठायचं जिवावर येतं त्यानं दाराआडची जागा घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दाराआडची जागा परवडत नसेल तर दुसरा मार्ग उघड्या पाण्यातल्या मूरिंगचा. तळाशी काँक्रीटचा ठोकळा किंवा जुना नांगर, त्याला जाड साखळी, वर बोया, आणि बोयाला बांधलेली होडी वारा-प्रवाहाबरोबर गोल फिरत राहते. मरीनापेक्षा हे पुष्कळ स्वस्त. पण मरीनात पोंटूनवरून चालत होडीत जाता येतं, इथे छोटी डिंगी वल्हवत जावं लागतं, आणि अंधारात, थकलेल्या अंगानं, चार पिशव्या घेऊन केलेला तो पाच मिनिटांचा प्रवास दिवसभराच्या समुद्रापेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो. डिंगीत बसताना लाइफजॅकेट अंगात हवं, मागच्या सीटवर ठेवलेलं चालणार नाही. आई-बाबा उन्हाळ्यात पुण्याहून येणार आणि त्यांना होडीत बसवायचं हा बेत असेल तर मात्र बोयाचा विचार सोडा. सत्तरीच्या माणसाला हलत्या डिंगीतून होडीच्या कठड्यावर चढवणं म्हणजे छळ आहे. त्यांच्यासाठी पोंटूनच हवं, आणि जवळ स्वच्छ संडास.

तिसरा प्रकार सुकणाऱ्या मूरिंगचा. वायर, ल्यून, डी या नद्यांच्या खाड्यांत असल्या जागा बऱ्याच आहेत. भरतीला होडी तरंगते, ओहोटीला चिखलावर बसते. सगळ्यात कमी भाडं हेच. इथे होडीचा तळ कसा आहे त्यावर सारं अवलंबून. दोन कील (तळाखालची पाती) असलेली होडी सरळ बसते. १९६९ मध्ये बाजारात आलेली वेस्टर्ली सेंटॉर तशीच, आणि इथल्या खाड्यांत ती आजही जागोजाग दिसते. एकाच खोल कीलची होडी तिथे बांधलीत तर दिवसातून दोनदा आडवी होईल. आधी होडी घेतली की फसायला होतं ते याच ठिकाणी: देखणी, खोल कीलची, वेगवान होडी दारात उभी आणि परवडणारी प्रत्येक जागा सुकणारी. शिवाय किनाऱ्याच्या फार वरच्या अंगाला असलेल्या मूरिंगवर भांगाच्या भरतीला होडी तरंगतच नाही. म्हणजे वर मी ज्या सुखाच्या शनिवारचं कौतुक केलं, तो तुम्हाला चिखलात बसून काढावा लागेल.

जागा बघायला म्हणूनच उधाणाच्या ओहोटीला जा. भरतीच्या वेळी, ऊन पडलेलं असताना, हातात आइस्क्रीम असेल तर इंग्लंडातलं कुठलंही बंदर सुंदर दिसतं. ओहोटीला खरं रूप कळतं. होडी बसणार ती जमीन मऊ गाळाची आहे की कडक वाळूची? गाळात होडी हळूच रुतते. कडक वाळूवर, लाटा आत येत असतील तर, तरंगण्याआधी आणि बसण्याआधी ती कितीतरी वेळ आपटत राहते. शेजारच्या जागी जुनं लोखंड, तुटके खांब वर आलेत का? डिंगी किती लांब ओढत न्यावी लागेल? वायर नदीवरच्या स्किपूल क्रीकमध्ये एकदा चक्कर मारा. चिखलातून वर आलेले लाकडी, डुगडुगणारे धक्के, त्यांना टेकून बसलेल्या होड्या, त्यांतल्या काही झकास रंगवलेल्या आणि काही ज्यांचे मालक वर्षानुवर्षं फिरकले नसावेत अशा. मला ती जागा आवडते. तुम्हाला आवडेल की नाही हे तिथे उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळेल. एक मात्र जपा: मोरकॅम्ब उपसागराच्या वाळूवर होडी बघायला म्हणून चालत आत जाऊ नका. फेब्रुवारी २००४ मध्ये तिथे शिंपल्या वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. ती वाळू सपाट दिसते आणि पाणी मागच्या बाजूनं येतं.

मूरिंग कोणाकडून भाड्यानं घेत असाल तर साखळी शेवटची कधी वर काढून पाहिली ते विचारा. उत्तर 'गेल्या वसंतात' असं आलं तर ठीक. साखळी सगळ्यात जास्त झिजते ती तळाला टेकते-उठते त्या हातभर भागात, आणि तो भाग वरून दिसत नाही. शॅकलची पिन तारेनं बांधलेली हवी, नाहीतर ती फिरून फिरून निघते. होडीच्या नाळेवर दोर जिथे घासतो तिथे बागेच्या नळीचा तुकडा चढवलेला असावा. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात चाळीसेक टक्के वजन हरवतो हेही ध्यानात असू द्या. आणि 'इथे रिकामी जागा आहे, आपणच एक ठोकळा टाकू' हा विचार मनात आणू नका. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा समुद्रतळ बहुतांशी क्राउन इस्टेटच्या मालकीचा आहे, लँकेशरच्या किनाऱ्याचा मोठा भाग डची ऑफ लँकेस्टरकडे, आणि त्याखेरीज बंदराचे अधिकारी असतातच. परवानगीशिवाय टाकलेलं मूरिंग काढून टाकतात.

न्यूकॅसल-संडरलंडकडच्या मंडळींचं नशीब थोरलं. पूर्व किनाऱ्याला भरती-ओहोटीतला फरक निम्म्यावर येतो, टाइनच्या मुखाशी उधाणातही चार-साडेचार मीटर. शिवाय या देशात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे जमिनीवरून येणारा, त्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी शांत मिळतं. नॉर्थ शील्ड्सच्या रॉयल कीज मरीनाचा लॉक दिवसरात्र चालतो. ब्लाइथच्या दक्षिण बंदरात कोणत्याही पाण्याला शिरता येतं, आणि तिथल्या रॉयल नॉर्दम्बरलंड यॉट क्लबचं घर म्हणजे १८७९ सालची एक लाकडी दीपनौका आहे. जेवायला तरी जाऊन या. अँबलच्या मरीनाला पाण्याखाली उंबरठा आहे, पण बाहेर पडल्यावर कोकेट बेट समोरच. व्हिटबीला फिरता पूल भरतीच्या दोन-दोन तास आगेमागे उघडतो आणि वरच्या अंगाला होड्यांची सोय आहे. मात्र वारा उत्तर-ईशान्येकडून जोरात सुटला की व्हिटबीच्या तोंडाशी जाऊ नये. ही छोटी बंदरं तेव्हा आत येण्यासाठी बंदच समजायची, आणि दोन बंदरांमधलं अंतर फार असतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरून येणारं धुकं हा तिकडचा दुसरा ताप.

हलबद्दल दोन शब्द. १८०९ सालच्या गोदीत वसलेला तिथला मरीना शहराच्या मधोमध आहे, लीड्सकरांना सोयीचा आहे. पण खुला समुद्र तिथून वीसेक मैल दूर. हंबर नदीच्या मुखाशी असलेल्या स्पर्नच्या टोकापर्यंत पोचायलाच एक ओहोटी खर्ची पडते, आणि वाटेत मोठी जहाजं. हंबरमध्येच फिरण्यात ज्याला गंमत वाटेल त्यानं हल घ्यावं.

आणि पहिल्यांदाच होडी घेताय तर समुद्र हवाच कशाला? माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं तळ्यात काढा. विंडरमिअर सतरा-एक किलोमीटर लांब आहे, भरती-ओहोटी नाही, २००५ पासून तिथे ताशी दहा सागरी मैलांची वेगमर्यादा असल्यामुळे भन्नाट मोटरबोटींचा त्रासही नाही. अल्सवॉटर आणि कोनिस्टनही तसेच शांत. शिडाच्या होडीला छोटं इंजिन असेल तर विंडरमिअरवर तिची नोंदणी करावी लागते. रॉच्डेलजवळच्या हॉलिंगवर्थ लेकवर शिडाची डिंगी चालवायला शिकलात तर मँचेस्टरहून आठवड्यातल्या संध्याकाळीसुद्धा जाता येईल. डिंगी क्लबच्या आवारात जमिनीवर ठेवायची, जागेचा खर्च नगण्य. तळ्यातही निसर्ग झोपलेला नसतो: डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात लेक डिस्ट्रिक्टमधली तळी केवढी चढली होती ते तिथल्या कुणालाही विचारा. एका तळ्यातून दुसऱ्यात होडी नेताना ती धुऊन, सुकवून न्यायची, नाहीतर उपऱ्या वनस्पती पसरतात.

पैशांचं बोलायचं राहिलं. मरीना भाडं मीटरवर घेतो, पण कोणते मीटर ते विचारा. मागे लटकणारं इंजिन आणि पुढे आलेला नांगराचा रोलर धरून मोजलं तर पंचवीस फुटी होडी सत्तावीसची होते. सांगितलेल्या भावात व्हॅट धरला आहे का, क्रेननं वर काढायचे आणि परत सोडायचे किती, हिवाळ्यात जमिनीवर ठेवण्याचं भाडं वेगळं का, बाहेरचा कारागीर आणू देतात का, मधेच होडी विकली तर उरलेलं भाडं परत मिळतं का, की उलट विक्रीवर मरीनाच कमिशन लावतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाळ शेवटचा कधी उपसला? नकाशावरची खोली आणि आजची खोली यांत या किनाऱ्यावर मोठी तफावत पडते. विमा कंपनीलाही जागा ठरवण्याआधीच फोन करा. उघड्या मूरिंगवर हिवाळाभर होडी ठेवायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात, आणि ऑक्टोबर ते मार्च जमिनीवर ठेवायचा खर्च धरला की स्वस्त मूरिंग तितकंसं स्वस्त राहत नाही.

मँचेस्टर-चेस्टरकडचे पुष्कळ नाविक उत्तर वेल्समध्ये कॉनवी-डेगॅन्वीला होडी ठेवतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण तिथेही मार्च २०१८ च्या एमा वादळानं होलिहेडचा अख्खा मरीना मोडला, कारण वारा नेहमीच्या दिशेनं न येता ईशान्येकडून आला होता. जागा कुठलीही घ्या, ती कोणत्या वाऱ्याला उघडी आहे ते तिथल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय सही करू नका.

असा जुना माणूस भेटतो क्लबात. उत्तरेकडचे क्लब साधे असतात, भपका कमी, आणि सभासदांना मूरिंग मरीनाच्या मानानं बरंच कमी भाड्यात देतात. बदल्यात श्रमदान करावं लागतं: वसंतात होड्या पाण्यात सोडायच्या दिवशी दोर धरायला, हिवाळ्यात धक्क्याची फळी बदलायला, बारमध्ये उभं राहायला. प्रतीक्षायादी असेल तर नाव घाला आणि तोवर बुधवारी संध्याकाळच्या शर्यतीत कोणाच्याही होडीवर हाताखाली जा. माणसं कमीच पडत असतात, नवशिक्याला कोणी नाही म्हणत नाही. इथे खाजगी शिडाच्या होडीला समुद्रात सरकारी परवाना लागत नाही, म्हणूनच हे शिकणं तुमच्या स्वतःच्या शहाणपणावर सोडलेलं आहे. एका मोसमात तुम्हाला त्या बंदराचा प्रवाह, गाळ, दाराची वेळ आणि तिथली माणसं कळतील, आणि कोणती होडी तिथे शोभेल तेही.

अनेक ठिकाणी वर्षाचा करार एप्रिलपासून सुरू होतो. जागा सोडणारे हिवाळ्यात सोडतात. तेव्हा उन्हाळ्यात रांगेत उभं राहण्यापेक्षा जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी फोन करा. ऑफिसातल्या माणसाला तेव्हा बोलायला सवड असते, आणि कोणाच्या शेजारची जागा घेऊ नये हेही तो सांगून टाकतो.